टिकवणारे रसायन आणि त्वचेचे वावडे

सुती कापडाचा एक स्वच्छ तुकडा घ्या. पिण्याच्या पाण्यात भिजवून पिळा, त्याची घडी करा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधा. चार-पाच दिवसांनी पिशवी उघडली की कुबट वास येतो. आणखी काही दिवस थांबलात तर कापडावर काळपट ठिपकेही दिसू लागतात. पावसाळ्यात हा प्रयोग मुद्दाम करावा लागत नाही. दप्तरात विसरलेला ओला रुमाल तो आपोआप करून दाखवतो.

आता दुकानात मिळणारे ‘वेट वाइप्स’ पाहा. तेही ओलेच असतात, घडी करून प्लास्टिकच्या पाकिटात दाबून भरलेले असतात. कारखान्यातून निघाल्यावर ते महिनोन्‌महिने दुकानात आणि घरात पडून असतात. तरी पाकीट उघडल्यावर कुबट वास येत नाही, बुरशीही दिसत नाही. असे का?

उत्तर सोपे आहे. त्या ओलाव्यात केवळ पाणी नसते. जंतू आणि बुरशी वाढू नयेत म्हणून त्यात अगदी थोड्या प्रमाणात एखादे रसायन मिसळलेले असते. अशा रसायनांना परिरक्षके म्हणतात. शाम्पू, हातावर लावायचे मलम, भांडी घासण्याचा द्रव साबण, भिंतीचा रंग, पांढरा गोंद अशा कितीतरी वस्तू परिरक्षकांमुळे टिकतात. पण यातली काही परिरक्षके काही माणसांच्या त्वचेला अजिबात चालत नाहीत. हे वावडे कसे निर्माण होते आणि ते ओळखायला इतका उशीर का होतो, हे आपण या लेखात पाहू.

पाणी तिथे जंतू

आपल्या स्वयंपाकघरात परिरक्षण नवे नाही. लोणच्यात मीठ, मुरांब्यात साखर भरपूर घालतात. मीठ आणि साखर पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे जंतूंना वाढीसाठी हवे ते पाणी मिळत नाही. पापड आणि सांडगे वाळवूनच ठेवतात. कोरडे उटणे वर्षभर टिकते; तेच दुधात कालवले की दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे लागते. खोबरेल तेलात पाणी नसते, म्हणून तेही जंतूंमुळे सहसा नासत नाही. साबणाची वडी आणि कपडे धुण्याची पावडर यांचेही तसेच.

पण शाम्पूत किंवा मलमात लोणच्याइतके मीठ घालता येत नाही. अशा वस्तूंत पाणी तर भरपूर असते. शिवाय त्या एकदा उघडल्या की रोज आपली बोटे त्यांत जातात. म्हणजेच जंतूंना पाणी, अन्न आणि प्रवेश तिन्ही मिळतात. तेव्हा परिरक्षक हे उत्पादकाचे खूळ नव्हे, ती गरज आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथील संशोधकांनी पापण्यांना लावण्याच्या मस्काऱ्यामुळे डोळ्यांच्या बुबुळावर जखमा झालेल्या स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्या मस्काऱ्यात स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढले होते. डोळ्याला ब्रशचा ओरखडा उठला आणि जिवाणूंना वाट मिळाली. परिरक्षक कमी पडले की काय होऊ शकते, त्याचे हे उदाहरण.

एका रसायनाची गोष्ट

परिरक्षके अनेक आहेत, पण आम्ही येथे एकाचीच गोष्ट सविस्तर सांगणार आहोत. तिच्यातून बाकीच्यांचेही बरेच काही कळते. या रसायनाचे नाव आहे मिथिलआयसोथायझोलिनोन. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे आपण त्याला एमआय म्हणू. रेणू मात्र अगदी लहान आहे. कार्बनचे ४, हायड्रोजनचे ५ आणि नायट्रोजन, ऑक्सिजन व गंधक यांचा प्रत्येकी एक अणू, रेणुभार ११५.

१९८० च्या सुमारास युरोपात सौंदर्यप्रसाधनांसाठी एक मिश्रण वापरात आले. त्यात एमआयबरोबर त्याचाच क्लोरीनयुक्त भाऊ असे. त्याला एमसीआय म्हणतात. मिश्रणात एमसीआयचे ३ भाग आणि एमआयचा १ भाग. मिश्रण फार प्रभावी होते, पण थोड्याच वर्षांत त्याने त्वचेला वावडे होते असे दिसून आले. तेव्हा युरोपात त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भाग, यापेक्षा अधिक असू नये असा नियम झाला.

पुढे असा विचार झाला की या जोडीत खरा उपद्रवी एमसीआय आहे. मग तो वगळून एकटे एमआय का वापरू नये? विचार तसा चुकीचा नव्हता. एमसीआय हे खरोखरच दोघांत जास्त तीव्र आहे. पण एमआय हे जंतूंवरही कमी प्रभावी आहे. एकट्याने काम करायचे तर त्याचे प्रमाण वाढवावे लागणार. २००५ मध्ये युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत एकटे एमआय वापरायला परवानगी दिली, ती दहा लाखांत १०० भागांपर्यंत.

येथे थोडे गणित करू. जुन्या मिश्रणाचे एकूण प्रमाण १५ असेल तर त्यात एमआयचा वाटा चौथा, म्हणजे पावणेचार. एकटे वापरताना ते १०० पर्यंत जाऊ लागले. म्हणजेच लोकांच्या त्वचेवर पडणारे एमआय सुमारे २७ पट वाढू शकत होते. तरीही आकडा दिसायला किरकोळच होता. २०० ग्रॅम शाम्पूच्या बाटलीत २० मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाइतके. इतक्याशा रसायनाने काय होणार, असे कुणालाही वाटावे.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. पॅराबेन गटातील परिरक्षके अनेक दशके वापरात होती. २००४ मध्ये स्तनाच्या गाठींत पॅराबेन सापडल्याचा एक शोधनिबंध इंग्लंडमधून प्रसिद्ध झाला. पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्ध झाले नव्हते, पण लोकांत भीती पसरली. बाटल्यांवर ‘पॅराबेनमुक्त’ असे छापून येऊ लागले. पॅराबेन काढले की त्याच्या जागी दुसरे काहीतरी घालणे भागच असते. अनेक ठिकाणी ते दुसरे काहीतरी एमआय होते.

जंतूंना मारते, तेच त्वचेला चिकटते

एमआय जंतूंना कसे मारते? त्याच्या रेणूत गंधक आणि नायट्रोजन यांना जोडणारा एक कमकुवत बंध असतो. जिवाणूंच्या पेशीतील कित्येक विकरे ही प्रथिने असतात आणि त्यांच्या कामासाठी सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधकयुक्त भाग मोकळा असावा लागतो. एमआय नेमके तेथेच जाऊन चिकटते. विकर बंद पडते, पेशीचे चलनवलन थांबते.

पण सिस्टीन काही फक्त जिवाणूंमध्ये नसते. आपल्या त्वचेतील प्रथिनांतही ते असते. लहान आणि चपळ असलेले एमआय त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरते आणि तेथील प्रथिनांनाही तसेच चिकटते. सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. ज्या गुणामुळे हे रसायन उत्तम परिरक्षक ठरते, त्याच गुणामुळे ते वावडे निर्माण करते.

महाराष्ट्रातील वाचकांना याचे एक उदाहरण अगदी जवळचे आहे. गाजर गवत आपल्याकडे पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. शेतात हे गवत वर्षानुवर्षे उपटणाऱ्या माणसाला एके दिवशी चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर खाजरे इसब उठते. गाजर गवतातील पार्थेनिन हा पदार्थही प्रथिनांतील गंधकाच्या भागालाच जोडला जातो. एक पदार्थ बांधावरच्या गवतातला, दुसरा कारखान्यातला, पण त्वचेशी दोघांचे वागणे सारखेच. त्यामुळे ‘नैसर्गिक ते निर्धोक आणि रासायनिक ते घातक’ ही विभागणी येथे उपयोगी पडत नाही.

पहिली ओळख, दुसरी भेट

रसायन प्रथिनाला चिकटले म्हणून लगेच पुरळ येत नाही. मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा येते. त्वचेत लांब फांद्या असलेल्या काही पेशी असतात. बर्लिनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या पाउल लांगरहान्स याने १८६८ मध्ये त्या प्रथम पाहिल्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. आज आपण जाणतो की त्या पहारेकऱ्याचे काम करतात. रसायन चिकटलेले प्रथिन त्यांना परके वाटते. त्याचे तुकडे घेऊन त्या जवळच्या लसीका ग्रंथीत जातात आणि तेथील टी-पेशींना ते दाखवतात. ज्या थोड्या टी-पेशींना ती खूण ओळखता येते, त्यांची संख्या वाढू लागते. साधारण १० ते १५ दिवसांत त्यांची एक फौज तयार होते. या काळात त्वचेवर सहसा काहीच दिसत नाही.

पुढे तेच रसायन पुन्हा त्वचेवर आले की ही फौज तेथे जमते. एक-दोन दिवसांत त्या जागी लाली, सूज, खाज आणि बारीक पाणीदार फोड येतात. लसीमुळे शरीर रोगजंतूला लक्षात ठेवते, तसेच येथे ते एका निरुपद्रवी रसायनाला शत्रू समजून लक्षात ठेवते. ही आठवण बहुधा जन्मभर टिकते.

हे काम रक्तद्रवातील प्रतिपिंडांचे नसून पेशींचे आहे, हे कसे कळले? रक्तगटांच्या शोधासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळालेले कार्ल लांडस्टायनर आणि त्यांचे सहकारी मेरिल चेस यांनी १९४२ मध्ये गिनीपिगवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका रसायनाचे वावडे असलेल्या गिनीपिगच्या पेशी निरोगी गिनीपिगला टोचल्या, तर त्यालाही ते वावडे आले. नुसता रक्तद्रव टोचून मात्र ते आले नाही.

या यंत्रणेमुळे दोन गोष्टी होतात. पहिली, ‘हा साबण मी दहा वर्षे वापरतोय, त्याने कसे होईल?’ हा युक्तिवाद टिकत नाही. वावडे वारंवारच्या संपर्कातूनच तयार होते. दुसरी, पुरळ एक-दोन दिवसांनी उठत असल्याने माणूस भलत्याच गोष्टीवर आळ घेतो. सोमवारी वापरलेल्या वस्तूची शिक्षा बुधवारच्या जेवणातल्या वांग्याला होते.

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. फळ्यासमोर दिवसभर उभे राहणाऱ्या शिक्षकांचे हात खडूच्या भुकटीने कोरडे पडतात, भेगाळतात. सतत भांडी घासणाऱ्यांचेही तसेच होते. ते वावडे नव्हे. तो त्वचेचा साधा क्षोभ. पुरेसा वेळ घासले तर कोणाच्याही हाताला तो होईल. वावडे मात्र काही जणांनाच होते आणि ते एकदा झाले की अगदी थोडे रसायनही पुरते. अर्थात क्षोभाने फुटलेल्या त्वचेतून रसायने सहज आत जातात, म्हणून पहिला त्रास दुसऱ्याला वाट करून देऊ शकतो.

पाठीवरची चाचणी

नक्की कशाचे वावडे आहे हे शोधण्याची पद्धत शंभरावर वर्षे जुनी आहे. योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ मध्ये ती मांडली. पाऱ्याच्या मलमाने इसब झालेल्या रुग्णांच्या निरोगी त्वचेवर त्याने पारा लावून पाहिला. तेथेही इसब उठले. आज त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर छोट्या चकत्यांची पट्टी लावतात. प्रत्येक चकतीत एकेका संशयित पदार्थाचे ठराविक प्रमाण असते. दोन दिवसांनी पट्टी काढतात, आणि तेव्हा व पुढच्या काही दिवसांत पुन्हा एकदा त्वचा पाहतात. जेथे लालसर उंचवटा येतो, त्या चकतीतला पदार्थ दोषी. या चाचणीला पॅच टेस्ट म्हणतात. आपल्याकडेही मोठ्या रुग्णालयांत ती होते. वावडे शोधण्यासाठी रक्त तपासतात ती चाचणी वेगळी. या प्रकारच्या वावड्यात तिचा उपयोग होत नाही.

धोक्याची खूण आणि बंदी

एमआयबाबत पहिली सूचना कारखान्यांतून आली. डेन्मार्कमधील रंगाच्या एका कारखान्यातील कामगारांना एमआयचे इसब झाल्याची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. कामगारांच्या हातावर जे आज उठते ते उद्या ग्राहकांच्या अंगावर उठू शकते, हा वैद्यकातला जुना अनुभव. पण तोवर परवानगी देऊन झाली होती.

पुढे संख्या वाढत गेली. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील त्वचारोग केंद्रांत पॅच टेस्ट केलेल्या रुग्णांपैकी एमआयचे वावडे असलेले २००९ मध्ये शंभरात सुमारे २ होते. २०१२ मध्ये ते सुमारे ६ झाले. हे प्रमाण सर्व जनतेतले नाही, इसबाच्या तक्रारीने चाचणीपर्यंत आलेल्यांतले आहे. तरीही तीन वर्षांत तिप्पट वाढ ही साधी गोष्ट नव्हे. काहींना तर नुकत्याच रंगवलेल्या खोलीत नुसते बसल्याने चेहऱ्यावर इसब उठले. पाण्यात कालवलेल्या रंगात एमआय असते आणि भिंत वाळताना ते हवेत येते.

सर्वांत बोलकी नोंद अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातली आहे. २०१४ मध्ये तेथील डॉक्टरांनी ६ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. मुलांच्या तोंडाभोवती किंवा ढुंगणावर न हटणारे चट्टे होते. कुणाला साधे इसब ठरवले गेले, कुणाला जंतुसंसर्ग, कुणाला सोरायसिस. औषधे झाली, गुण आला नाही. चट्टे ज्या जागी होते त्या जागा रोज वेट वाइप्सनी पुसल्या जात होत्या. चाचणीत एमआय दोषी ठरले. वाइप्स थांबवल्यावर मुले बरी झाली. यात चुकले कोणाचे? आईवडील मुलाला स्वच्छच ठेवत होते. पुरळ दिसले की माणूस ती जागा आणखी काळजीने पुसतो. येथे त्या काळजीतूनच रोज नवा डोस मिळत होता.

शाम्पू धुऊन जातो, पण वाइप्समधला ओलावा त्वचेवरच राहतो, आणि लंगोटाखाली तर तो झाकला जातो. हा फरक महत्त्वाचा आहे. युरोपीय संघाच्या शास्त्रीय समितीने २०१३ मध्ये मत दिले की त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत एमआयचे कोणतेही सुरक्षित प्रमाण दाखवता आलेले नाही. फेब्रुवारी २०१७ पासून युरोपात अशा प्रसाधनांत एमआयला बंदी आली. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत मर्यादा १०० वरून १५ वर आणली गेली. ती २०१८ पासून लागू झाली. त्यानंतर तेथील चाचण्यांत एमआयचे नवे रुग्ण कमी होत गेले. मात्र परवानगीपासून बंदीपर्यंत १२ वर्षे गेली, आणि ज्यांच्या शरीराने एमआय लक्षात ठेवले आहे, त्यांच्यासाठी बंदी उशिराच आली.

मग वापरायचे तरी काय?

गंमत अशी की ज्या पॅराबेनला लोक घाबरले, ते त्वचेच्या वावड्याच्या बाबतीत फार गरीब स्वभावाचे निघाले. युरोपात मिथिलपॅराबेन दहा लाखांत ४००० भागांपर्यंत वापरता येते, म्हणजे एमआयच्या जुन्या मर्यादेच्या ४० पट. तरी त्याचे वावडे विरळा. ते प्रथिनांना सहजासहजी चिकटत नाही. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांची संघटना दरवर्षी एक ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ जाहीर करते. २०१३ मध्ये हा मान एमआयला मिळाला. २०१९ मध्ये संघटनेने पॅराबेनना ‘वर्षाचा ॲलर्जी न करणारा पदार्थ’ ठरवले. तेव्हा ‘अमुकमुक्त’ हे शब्द वाचून निश्चिंत होऊ नये. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. या वस्तूत पाणी आहे का? असेल तर ती टिकवण्यासाठी काय घातले आहे? आणि वस्तू त्वचेवर राहणार की धुऊन जाणार?

उत्तरे बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत असतात. मिथिलआयसोथायझोलिनोन आणि मिथिलक्लोरोआयसोथायझोलिनोन ही नावे आपल्याकडच्या शाम्पूंवरही आढळतात. डीएमडीएम हायडॅन्टॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया यांसारखी परिरक्षके हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडतात. त्याचेही वावडे काहींना असते. अर्थात, नाव दिसले म्हणून बाटली फेकायची गरज नाही. बहुतेकांना यातले काहीच बाधत नाही. पण न हटणारे इसब असेल तर वापरातल्या सगळ्या वस्तूंची यादी करून ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. मलमाने पुरळ बसते, वावडे जात नाही. त्यावर खरा उपाय म्हणजे ते रसायन टाळणे, आणि टाळायचे तर त्याचे नाव माहीत हवे.

वर्गात करण्यासारखे

१. विद्यार्थ्यांना घरातील रिकाम्या बाटल्या व पाकिटे आणायला सांगा. पाण्याच्या वस्तू आणि कोरड्या वा तेलकट वस्तू असे दोन गट करा. कोणत्या गटात परिरक्षकांची नावे जास्त सापडतात ते मोजा.

२. शाईचा १ मिलिलिटर घेऊन पाण्याने १० मिलिलिटर करा. त्यातला १ मिलिलिटर पुन्हा १० करा. असे चार वेळा केले की शेवटच्या पेल्यात शाईचे प्रमाण दहा लाखांत १०० होते, सहा वेळा केले की दहा लाखांत १. रंग कोणत्या पेल्यापर्यंत दिसतो? डोळ्यांना न दिसणारे प्रमाण शरीराला ‘दिसू’ शकते, यावर चर्चा करा.

३. पांढरा गोंद आणि बोरॅक्स यांचा लिबलिबीत ‘स्लाइम’ अनेक शाळांत करतात. गोंदात अशी परिरक्षके असतात आणि स्लाइमने मुलांच्या हातांवर इसब उठल्याच्या नोंदी युरोपातून आल्या आहेत. ज्यांच्या हातांना आधीच इसब आहे त्यांनी तो हाताळू नये; इतरांनी नंतर हात नीट धुवावेत.

एक गोष्ट मात्र वर्गात करू नये. कोणाला कशाचे वावडे आहे हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांच्या त्वचेवर काही लावू नये. नको ती आठवण शरीराला आपणच करून दिली, असे व्हायला नको.